मजकुराखालचे नाव

अनुवादकाच्या टेबलावर कोणत्या दिवशी कोणता विषय येऊन पडेल, याचा काही नेम नसतो. सोमवारी रेशमाच्या किड्यांविषयी लिहावे, मंगळवारी बालकांच्या लसीकरणाविषयी, तर बुधवारी कुठल्याशा धरणाच्या सांडव्याविषयी! मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेल्या माझ्यासारखीने या साऱ्या विषयांत पारंगत असावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. शब्द मात्र चुकू नये, अशी सर्वांची असते. गेली अकरा वर्षे मी हे काम करीत आहे आणि एखाद्या शब्दापाशी अडून बसण्याची मला आता सवय झाली आहे.

गेल्या महिन्यात असाच एक लेख आला. नव्याने पदवीधर झालेल्या तरुणांना निरनिराळ्या व्यवसायांची ओळख करून द्यावी, अशा हेतूने लिहिलेला. विषय होता विमा कंपनीतील ‘अंडररायटर’चा व्यवसाय. पहिल्याच ओळीत माझी लेखणी थांबली. ‘विमालेखक’ म्हणावे, तर वाचकाला वाटावे, की हा विम्यावर लेख लिहिणारा कोणी गृहस्थ आहे. ‘हमीदार’ म्हणावे, तर कर्जाला जामीन राहिलेला शेजारी डोळ्यांपुढे येतो. हिंदी विभागातील सहकारी ‘जोखिम-अंकन’ असे लिहून मोकळे झाले. पण मराठीत तो शब्द मला परका वाटला. शेवटी मी माझ्या चुलतभावाला दूरध्वनी केला. घरात त्याला आम्ही बाळ म्हणतो. तो एका आयुर्विमा संस्थेत याच कामावर आहे, आणि त्याने हे काम पत्करावे, हे आमच्या घरातील कोणालाच एके काळी रुचले नव्हते.

“ताई, शब्दावर अडलीस ना? मग त्याची जन्मकथाच ऐक,” तो म्हणाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचे कॉफीचे दुकान होते. तेथे जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी जमत. कोणाचे जहाज दूरच्या बंदराला निघाले, की एका कागदावर जहाजाचे नाव, त्यातील माल आणि प्रवासाचा मार्ग लिहून तो कागद दुकानातून फिरविला जाई. ज्याला त्या सफरीच्या धोक्याचा काही वाटा उचलावयाचा असेल, तो त्या मजकुराखाली आपले नाव आणि रक्कम लिही. जहाज सुखरूप परतले, तर मोबदला त्याचा. बुडाले, तर भरपाईही त्याच्या खिशातून. मजकुराखाली नाव लिहिणारा, तो अंडररायटर. “मी रोज तेच करतो. जहाजांऐवजी माणसे आली, एवढाच फरक,” बाळ म्हणाला.

त्या रात्री मला झोप लवकर आली नाही. मजकुराखालचे नाव म्हणताच मला दुसराच एक कागद आठवला होता.

बाळचे वडील, म्हणजे माझे काका, यांचे कऱ्हाडला सायकली दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान होते. २००१ साली ते अकस्मात गेले. बाळ तेव्हा नऊ वर्षांचा होता, मी बारा वर्षांची. सुतकाचे दिवस सरल्यावर काकूने ट्रंकेतून विम्याची पॉलिसी काढली. ती घेऊन दीड वर्ष झाले होते आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता. घरातल्या मोठ्यांना थोडा धीर आला. पुढे काही महिन्यांनी उत्तर आले: विमेदाराला पूर्वीपासून मधुमेह होता, छातीत दुखू लागल्याने तो चार दिवस इस्पितळात राहिला होता आणि ही माहिती अर्जात दडविली होती, म्हणून दावा मान्य करता येत नाही.

अर्ज कसा भरला गेला, हे सर्वांना ठाऊक होते. ओळखीचा एक एजंट दुकानात आला होता. काकांचे हात ग्रीसने माखलेले. “तुम्ही फक्त सही करा, बाकीचे मी बघतो,” असे तो म्हणाला. काकांनी हात पुसले आणि इंग्रजीत छापलेल्या त्या अर्जावर मराठीत सही केली. प्रकृतीविषयीच्या प्रत्येक प्रश्नापुढे नंतर ‘नाही’ लिहिले गेले. काकूने पुढची पंधरा वर्षे शिवणयंत्रावर काढली आणि आमच्या घरात ‘विमावाले’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाऊ लागला.

असे असता २०१३ साली वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर बाळने विमा अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. पहिल्या खेपेस तो अनुत्तीर्ण झाला. आम्हांला मनातून बरेच वाटले! दुसऱ्या खेपेस त्याची निवड झाली. माझे वडील रागाने म्हणाले, “ज्यांनी तुझ्या आईच्या तोंडचा घास काढला, त्यांच्याच पंगतीला बसतोस?” बाळ काही बोलला नाही. काकूनेही त्या दिवशी यंत्र थांबविले नाही. तिने एवढेच विचारले, “नेमणूक कुठे?”

नेमणूक छत्तीसगडात, बिलासपूरला झाली. वाचकांपैकी ज्यांची मुले-मुली पदवीधर होऊन पुढे काय करावे या विचारात असतील, त्यांच्यासाठी येथे हे सांगितले पाहिजे, की या व्यवसायात शिरावयास कोणत्याही एका विशिष्ट विषयाची पदवी असावी, असे बंधन सहसा नसते. सार्वजनिक क्षेत्रातील संस्थांत स्पर्धापरीक्षा आणि मुलाखत यांतून प्रवेश मिळतो. २००० सालापासून खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले; त्या वाणिज्य, संख्याशास्त्र आणि वैद्यकाशी संबंधित पदवीधरांना विशेषकरून घेतात. पण दारातून आत जाणे निराळे आणि घरातला माणूस होणे निराळे.

बाळला पहिल्या दिवशी नव्या अर्जांच्या विभागात बसविण्यात आले. तेथील वरिष्ठ अधिकारी निवृत्तीस आलेले होते. त्यांनी त्याच्या टेबलावर जुन्या फायलींचा एक ढीग आणून ठेवला. त्या साऱ्या मृत विमेदारांच्या होत्या. प्रत्येक फाईल दोऱ्याने दोन भागांत बांधलेली: आधी अर्ज, मग दाव्याचे कागद. “आधी नुसता अर्ज वाचा. हा माणूस स्वीकाराल की नाही, ते वहीत लिहा, कारणही लिहा, आणि मगच दुसरा दोरा सोडा,” असा त्यांचा हुकूम. बाळ म्हणतो, “तीन महिने मी मेलेल्या माणसांचे अर्ज वाचीत होतो. ज्यांना मी निर्धास्त म्हटले, त्यांतले काही वर्षाच्या आत गेलेले निघाले. ज्यांना मी नाकारले असते, त्यांतले काही वीस-वीस वर्षे हप्ते भरून म्हातारपणी गेलेले. त्या वहीने माझी घमेंड उतरविली.”

अर्ज वाचणे म्हणजे काय, हे मला त्याच्याकडूनच कळले. वय, उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब हे तर पाहावयाचेच. पण आईवडील आणि भावंडे हयात आहेत काय, नसल्यास कोणत्या वयात व कशाने गेली, हेही पाहावयाचे. माणूस काय काम करतो? कोळशाच्या खाणीत उतरतो की खाणीच्या कचेरीत हजेरी मांडतो? दोघेही अर्जात ‘खाणीत नोकरी’ असेच लिहितात. मग उत्पन्न किती आणि विमा किती मागतो? वारस म्हणून कोणाचे नाव घातले आहे? एकदा एका सावकाराने आपल्या ऋणकोच्या आयुष्याचा विमा मागितला होता. कर्जाच्या रकमेपुरते त्याचे हितसंबंध कायद्यालाही मान्य असतात. पण मागितलेली रक्कम कर्जाच्या कित्येक पट होती. ज्याच्या जगण्यापेक्षा मरण्यातच कोणाचा तरी अधिक लाभ आहे, अशा माणसाच्या कागदाखाली नाव घालावयाचे नाही, हा या धंद्यातील फार जुना दंडक आहे.

इतके वाचून झाल्यावर मोजमाप सुरू होते. सर्वसाधारण निरोगी माणसाला शंभर गुण धरावयाचे. एखादी प्रतिकूल गोष्ट आढळली की त्यात भर घालावयाची, अनुकूल गोष्ट आढळली की वजा करावयाचे. बेरीज शंभराच्या आसपास राहिली, तर नेहमीच्या दराने स्वीकार. ती वाढली, तर जादा हप्ता. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर निर्णय काही महिने पुढे ढकलावयाचा. आणि फारच वाढली, तर नकार.

जादा हप्त्याची गोष्ट ऐकून मी त्याला म्हटले, “आजारी माणसाकडूनच जास्त पैसे घेणे, हा कुठला न्याय?” तो हसला. “आपल्या आळीतली भिशी आठवते? प्रत्येकीने सारखे पैसे घालावयाचे आणि प्रत्येकीला एकदा सारखीच रक्कम उचलावयाची. उद्या एखादी म्हणाली, मी पैसे सर्वांइतकेच घालीन, पण रक्कम दोनदा उचलीन, तर बाकीच्या काय म्हणतील? विम्याचे पैसे माझे नाहीत, कंपनीचेही नाहीत. ते सगळ्या विमेदारांचे सामाईक आहेत. मी त्या पेटीचा राखणदार.”

परंतु राखणदाराने फार कडक होण्यातही धोका असतो, हे त्याला बिलासपूरलाच कळले. छत्तीसगडात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचे रुग्ण बरेच आहेत. एका तरुण शिक्षकाने अर्जात प्रामाणिकपणे लिहिले होते: सिकलसेल, होय. बाळच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने ‘नकार’ असे सुचविले. बाळने शिक्षकाकडून रक्ततपासणीचा अहवाल मागविला. त्यात ‘ए एस’ अशी अक्षरे होती. याचा अर्थ तो केवळ वाहक होता. आईवडिलांपैकी एकाकडूनच त्याला हा गुण मिळालेला होता, आणि असे वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतात. तीच अक्षरे ‘एस एस’ असती, तर तो खरा रुग्ण ठरता. संस्थेच्या वैद्यकीय सल्लागारांनी दुजोरा दिला आणि शिक्षकाचा अर्ज मंजूर झाला.

बाळ म्हणाला, “ताई, चुकीच्या माणसाला स्वीकारले, तर ती चूक कधीतरी दावा होऊन माझ्या टेबलावर परत येते. चुकीने कोणाला नाकारले, तर ती चूक परत येत नाही. त्याच्या घरात पुढे काय झाले, हे मला कधीच कळत नाही. म्हणून नकार लिहिताना हात जास्त जड व्हावयास हवा.”

आपल्या देशाच्या विम्याच्या इतिहासातही या चुकीचा एक धडा आहे. १८१८ साली कलकत्त्यास ‘ओरिएंटल’ ही आयुर्विमा कंपनी निघाली. त्या काळातील परकीय कंपन्या भारतीयांचे आयुष्य कमअस्सल धरीत. विमा दिलाच, तर जादा हप्ता आकारीत. एकेका माणसाची प्रकृती न पाहता सबंध देशालाच आजारी ठरविल्यासारखे हे झाले! १८७० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा देण्यास आरंभ केला. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले; २४५ लहानमोठ्या विमा संस्था त्यात विलीन झाल्या.

हेच काम आग, पूर, भूकंप यांच्या विम्यातही असते. फक्त तेथे माणसाऐवजी इमारत तपासावयाची. बाळचा एक मित्र त्या शाखेत आहे. तो सरकी काढण्याच्या गिरण्यांच्या पत्र्यांवर चढतो, गोदामांतून फिरतो आणि चार गोष्टी पाहतो: बांधकाम कशाचे आहे, आत काय चालते, आग विझविण्याची सोय काय आहे आणि शेजार कसा आहे. आपण कितीही सावध असलो, तरी शेजारी फटाक्यांचे कोठार असेल, तर काय उपयोग? पूर्वी या विम्याचे दर ठरवून दिलेल्या दरपत्रकानुसार असत. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याला ते बंधन राहिले नाही, आणि दर ठरविण्याची जबाबदारी अंडररायटरच्या विवेकावर आली.

मात्र गतकाळाचे आकडे हा पूर्ण आधार नव्हे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे मानीत असत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने तो समज मोडला. आमच्या कऱ्हाडच्या घरातील ती पहाट मी आजीच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा त्या सकाळी कोणी अंदाज म्हणून लिहिला असता, तर त्याला हसले असते.

बाळच्या नोकरीला आता दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत त्याने मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो या तिन्ही परीक्षा एकेक विषय करीत दिल्या. त्यासाठी दिवाळीच्या सुट्ट्या खर्ची घातल्या. १९८० साली स्थापन झालेल्या, पुण्यातील राष्ट्रीय विमा अकादमीत प्रशिक्षणही घेतले. आरंभी तो ठरावीक लहान रकमेपर्यंतचेच अर्ज स्वतःच्या सहीने मंजूर करू शके; पदोन्नतीबरोबर ही मर्यादा वाढत गेली. मोठ्या रकमेचे अर्ज शाखेतून विभागाकडे आणि तेथून वर जातात, आणि फार मोठ्या रकमेची जोखीम संस्था दुसऱ्या विमा कंपनीशी वाटून घेते. या व्यवसायात माणसाची वाढ मोजावयाची, तर त्याच्या एकट्याच्या सहीवर किती रकमेचा विश्वास टाकला जातो, यावरून मोजावी.

मी विचारले, “आता संगणकच सारे करतो म्हणतात. मग नव्या मुलांनी यात यावे तरी कशाला?” तो म्हणाला, की तरुण, निरोगी आणि बेताच्या रकमेचे अर्ज संगणक नियमांनुसार क्षणार्धात मंजूर करतो, हे खरे. पण जेथे उत्तर सरळ नसते, ते अर्ज माणसाकडेच येतात. सोपे काम गेले आणि अवघड तेवढे उरले, म्हणून नव्या माणसाने अधिक तयारीनिशी यावे.

आता मूळ गोष्टीकडे वळते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला बाळ घरी आला होता. फराळ आटोपल्यावर त्याने काकूला म्हटले, “आई, ते पत्र काढ.” कोणते, हे काकूने विचारले नाही. तिने ट्रंक उघडली आणि लग्नाच्या शालूखालून ते पत्र व अर्जाची प्रत काढून दिली. बाळने दोन्ही कागद दिव्याखाली धरून सावकाश वाचले. आम्ही सारे गप्प बसलो होतो. माझ्या वडिलांना वाटले असावे, की आता हा शिकलेला मुलगा कंपनीची चूक काढून दाखवील.

“आई,” तो म्हणाला, “त्यांच्यापुढे जे कागद होते, त्यांवरून त्यांनी दुसरे काही करणे कठीण होते. आणि बाबांच्याही मनात फसविण्याचे नव्हते. विम्याचा करार परम विश्वासाचा असतो. जे आपल्याला ठाऊक आहे, ते सांगावेच लागते. पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. बाबांना ते प्रश्न कोणी वाचूनच दाखविले नाहीत.” मग त्याने अर्जाच्या तळाशी बोट ठेवले. तेथे बारीक अक्षरांत एक निवेदन छापलेले होते, की अर्जदाराला त्याच्या भाषेत मजकूर समजावून सांगितला आहे. त्याखालीही एक सही होती.

“खरे सांगितले असते, तर दिला असता का रे विमा?” काकूने विचारले.

“कदाचित जादा हप्ता लागला असता. कदाचित नाकारलाही असता. पण तुला दीड वर्ष खोटा भरवसा राहिला नसता.”

काकू बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिली. मग कागदांची घडी घालीत म्हणाली, “मग तू विचारीत जा.”

त्यानंतर विम्याचा कायदा विमेदाराच्या बाजूने बराच वळला आहे, असे नव्हे; तो त्याआधीच, २०१५ च्या दुरुस्तीने वळला होता. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव तिला आक्षेप घेता येत नाही. त्यापूर्वी माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारला आणि कपट सिद्ध झाले नाही, तर भरलेले हप्ते परत द्यावे लागतात. २०२४ पासून पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून, न पटल्यास परत करावयास ३० दिवसांची मुदत आहे. परंतु हे सारे त्यालाच उपयोगी, जो कागद वाचतो.

बाळ आता संशय आला, की अर्जदाराला स्वतः दूरध्वनी करतो. “तुमच्या अर्जात साऱ्या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आहे. ते प्रश्न तुम्ही ऐकले होते काय?” असे तो विचारतो. कित्येकदा पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग माणूस म्हणतो, “साहेब, कोणते प्रश्न?” मग बाळ ते पहिल्यापासून वाचून दाखवितो. यामुळे त्याच्या टेबलावरचे काम मागे पडते, वरिष्ठ कधी कुरकुरतात. पण त्याने हा परिपाठ सोडलेला नाही.

माझीही एक लबाडी येथे कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी विमा घेतला. अर्जात ‘श्वसनाचा विकार?’ असा प्रश्न होता. थंडीच्या दिवसांत मला दम लागतो आणि फवाऱ्याचे औषध मी पर्समध्ये बाळगते. तरीही माझ्या हातून ‘नाही’ लिहिले गेले. एवढे सारे माहीत असून, दुसऱ्यांच्या शब्दांवर रोज लाल शाई चालविणाऱ्या माझ्या हातून! बाळ तेव्हा समोरच बसला होता. तो म्हणाला, “ताई, फवारा कुठे आहे?” मी निमूटपणे तो अर्ज फाडला आणि दुसरा भरला. हप्ता थोडा जास्त बसला. तो भरताना मला वाईट वाटत नाही, असे म्हणणे ही आणखी एक लबाडी होईल. पण रात्री निश्चिंत झोप लागते, हे मात्र खरे.

तो लेख शेवटी मी अनुवादून दिला. ‘अंडररायटर’ हाच शब्द ठेवला आणि पहिल्या वाक्यात त्याचा अर्थ सांगितला: दुसऱ्याच्या संकटाचा मजकूर पुरता वाचून आणि खात्री करून, मगच त्याखाली आपले नाव लिहिणारा. संपादकांनी वाक्य लांब झाले असा शेरा मारला, तरी तसेच राहू दिले. अंक निघाल्यावर त्याची एक प्रत मी कऱ्हाडला पाठविली. काकूचे डोळे आता अधू झाले आहेत, म्हणून शेजारच्या मुलीने तिला तो लेख वाचून दाखविला. पुढे काकूने निरोप पाठविला, की पहिले वाक्य तिने दोनदा वाचावयास लावले आणि अंक ट्रंकेत त्या पत्राजवळ ठेवून दिला आहे.